फुटबॉल क्लबचा पैसा येतो कुठून? मुलाची फी भरण्याआधी हे समजून घ्या

अस्रच्या नमाजनंतर वरूडच्या कोणत्याही मोकळ्या मैदानावर जा, पिवळ्या जर्सीतले चार-पाच 'रोनाल्डो' दिसतीलच. पाठीवर सात नंबर, छातीवर सौदीच्या अल-नस्र क्लबचा बिल्ला. जर्सी बाजारातली, स्वस्तातली. तिच्यातला एक पैसाही त्या क्लबपर्यंत पोचत नाही. पोरं खेळतात मात्र जीव तोडून.

अशाच एका मुलाचे वडील मागच्या महिन्यात आमच्याकडे आले. हातात एक कागद होता. म्हणाले, "सर, बच्चे का सिलेक्शन हो गया, बडे क्लब की अकॅडमी में." आम्ही कागद वाचला. निवडीबद्दल दोन ओळी होत्या, बाकी सगळे फीबद्दल. रक्कम लाखाच्या घरात, राहणे-खाणे वेगळे. दहावी बाहेरून दिली तरी चालते, असेही त्यांना तोंडी सांगितले गेले होते. आम्ही त्यांना विचारले, "हा क्लब कमावतो कशावर?" त्यांना सांगता आले नाही. त्यांचा दोष नाही, आपल्यापैकी बहुतेकांनी हा विचार कधी केलेलाच नसतो. पण मुलाचे भविष्य ज्याच्या हाती द्यायचे, त्याची रोजी कुठून येते हे बघायला नको का?

कमाईच्या तीन वाटा

जगातल्या मोठ्या क्लबांची नियमित कमाई तीन ठिकाणांहून येते. पहिली वाट म्हणजे सामन्याच्या दिवशीची तिकिटे आणि स्टेडियममधली विक्री. दुसरी टीव्ही आणि मोबाइलवर सामने दाखवण्याचे हक्क. तिसरी व्यापारी कमाई, म्हणजे जर्सीवरच्या जाहिराती, प्रायोजक आणि क्लबच्या नावाने विकला जाणारा माल. स्पेनच्या रिअल माद्रिदने 2023-24 च्या हंगामात 104 कोटी 60 लाख युरो कमावले, आपल्या हिशेबात नऊ हजार कोटी रुपयांहून अधिक. शंभर रुपये धरले तर त्यात सुमारे 46 रुपये व्यापारी कमाईचे, 30 टीव्हीचे आणि 24 मैदानावरचे. खेळाडू विकून येणारा पैसा यात धरलेला नाही.

म्हणजे एक वाट अडली तरी बाकीच्या दोन चालू राहतात. सगळेच मोठे क्लब असे नसतात. अल-नस्रचे 75 टक्के भागभांडवल 2023 पासून सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीकडे आहे. तिथे क्लबची कमाई कमी पडली तरी पाठीशी सरकारी तिजोरी आहे.

हाच अल-नस्र 22 ऑक्टोबर 2025 ला गोव्यात फातोर्डा मैदानावर एफसी गोवाशी खेळला. अख्ख्या देशाचे डोळे रोनाल्डोकडे लागले होते, पण तो आलाच नाही. गोव्याचा संघ झुंजला आणि 1-2 ने हरला. असा मोठा पाहुणा वर्षातून एखादाच येतो. त्याच्या तिकिटांवर वर्षभराचे पगार निघत नाहीत.

बहार घेणारा व्यापारी आलाच नाही

आपल्या देशात काय घडले, हे वरूड-मोर्शीच्या माणसाला लवकर समजेल. आपल्याकडे संत्र्याचा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला उक्ता देतात. इसार हाती पडतो, बागवाला निश्चिंत होतो. पण ज्या वर्षी व्यापारी फिरकत नाही, त्या वर्षी फळ झाडावर आणि माणूस घोरात.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये असाच उक्ता सौदा केला. पंधरा वर्षांसाठी व्यापारी हक्क रिलायन्सशी संबंधित कंपनीला दिले, 700 कोटी रुपयांना. त्यातूनच 2014 मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, उभी राहिली. कराराची मुदत 8 डिसेंबर 2025 ला संपणार हे सगळ्यांना ठाऊक होते. पण महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता आणि नवा करार लांबत गेला. जुलै 2025 मध्ये लीग थांबवल्याचे क्लबांना कळवण्यात आले. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीसारख्या क्लबने मुख्य संघाचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. महासंघाने नवी निविदा काढली, तर नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही!

सरकारने मध्यस्थी केल्यावर 14 फेब्रुवारी 2026 पासून लीग कशीबशी सुरू झाली. 14 क्लब, एकेरी फेऱ्या, छोटा हंगाम. तोपर्यंत जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले होते. आपल्या मुंबई सिटीचेच बघा. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या गटाने 2019 मध्ये या क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला होता. मुंबईने दोनदा आयएसएलचा चषक जिंकला. तरीही डिसेंबर 2025 मध्ये हा गट लीगच्या अनिश्चिततेचे कारण सांगून बाहेर पडला. चषक कपाटात आहेत, पैसेवाला भागीदार गेला.

मालकाच्या खिशावर चालणारे क्लब

हे दुखणे आजचे नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. गोव्याच्या डेम्पोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. 2016 मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीग सोडली, कारण महासंघाच्या नव्या आराखड्यात त्यांना खालची जागा दिली जात होती. हे क्लब मुख्यतः मालक घराण्यांच्या आणि कंपन्यांच्या पैशावर चालले. मालकाचे मन किंवा धंद्याचे गणित बदलले की संघाचे दिवस भरले.

कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगचे नाव काढले की आपल्या वडीलधाऱ्यांचा ऊर भरून येतो. 1891 चा हा क्लब. 1934 मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला आणि पुढे सलग पाच वर्षे विजेता राहिला. 2023-24 ची आय-लीग जिंकून तो आयएसएलमध्ये आला. पण पहिल्याच हंगामात गुंतवणूकदारांकडून पैसा वेळेवर आला नाही. जानेवारी 2025 मध्ये पगार थकल्यामुळे खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला, प्रशिक्षकही सोडून गेले. इतका इतिहास आणि लाखोंची मोहब्बत पाठीशी असून महिनाअखेरचा पगार निघाला नाही.

जर्सीवरचे नाव कोणाचे?

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत बोलली गेली पाहिजे. युरोपातल्या अनेक जर्सींवर सट्ट्याच्या कंपन्यांची नावे असतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या क्लबांनी 2025-26 च्या हंगामानंतर जर्सीच्या छातीवरून ही नावे काढायचे 2023 मध्येच ठरवले, मात्र बाहीवर ती राहू शकतात. आपल्याकडेही फँटसी ॲप खेळाचे मोठे प्रायोजक होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ही वाट बंद झाली.

काही क्लबांना त्याचा फटका बसला असेल, पण आम्हाला त्याचे दुःख नाही. कुरआनने मैसिर, म्हणजे जुगार, हराम ठरवला आहे. वडिलांच्या मोबाइलवरून 'टीम लावणारे' विद्यार्थी आम्ही स्वतः वर्गात पाहिले आहेत. क्लबला शंभर रुपये मिळावेत म्हणून कोणाच्या तरी पोराने हजार हरायचे, ही कमाई नव्हे. मुलाला जर्सी घेऊन देताना छातीवर कोणाचे नाव छापले आहे, तेवढे वाचा.

मग पोरांनी खेळायचे नाही का?

जरूर खेळायचे. कामठीसारख्या गावाने दाखवले आहे की आपल्या मोहल्ल्यांत फुटबॉल पिढ्यान् पिढ्या टिकतो. फक्त पैसा कोणाकडून कोणाकडे जातो, ते बघा.

ज्या मुलात क्लबला खरेच भविष्य दिसते, त्याच्यावर क्लब स्वतः खर्च करतो. जिथे आपणच लाखात फी भरतो, तिथे आपला मुलगा त्यांचा खेळाडू नसून गिऱ्हाईक आहे. क्लबच्या नावाने चालणारी अकॅडमी हीसुद्धा क्लबच्या कमाईची एक वाट असते. ती वाईटच असते असे नाही, पण तिला 'सिलेक्शन' म्हणू नये.

दुसरी गोष्ट नोंदणीची. खेळाडूची पैसे मोजून आंतरराष्ट्रीय बदली झाली, तर फिफाच्या नियमाने त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. एक कोटीच्या बदलीत पाच लाख. त्यातून 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी 25 हजार आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी 50 हजार. पण मुलाची आणि क्लबची महासंघाकडे नोंद असेल तरच. आपले बहुतेक मोहल्ला क्लब वर्गणीवर चालतात आणि नोंदणी कोणी करत नाही. हे काम गावातल्या जाणत्यांनी हाती घ्यावे.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. पूर्वी कंपनी, रेल्वे, बँक आणि पोलीस संघांतला खेळाडू खेळ संपल्यावर नोकरीत राहायचा. आज करार संपला की क्लबचा संबंध संपतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण तिथेही पदाला लागणारे शिक्षण हवेच. म्हणून दहावी-बारावी सोडून अकॅडमी, हा सौदा आम्हाला मान्य नाही.

त्या वडिलांना आम्ही तीन प्रश्न लिहून दिले. फी परत मिळण्याची अट कोणती? मागच्या तीन वर्षांत इथली किती मुले क्लबच्या संघात गेली? शाळेचे काय? उत्तर लेखी मागा, म्हटले. अजून आलेले नाही, म्हणून त्यांनी पैसेही भरलेले नाहीत. मुलगा रोज अस्रनंतर मैदानावर असतो आणि सकाळी शाळेत.