विमान कोणाला, पडदा कोणाला?

श्रीमंत देशांतील विद्यापीठांत गेली काही वर्षे एका नव्या सदाचाराचा उपदेश चालू आहे. वैज्ञानिकांनी परिषदांसाठी विमानाने हिंडणे थांबवावे. हवेत कर्बवायू सोडणे ज्ञानाच्या उपासकांना शोभत नाही. जे काम पूर्वी समोरासमोर बसून होत असे ते संगणकाच्या पडद्यावर होऊ शकते, हे २०२० च्या करोना साथीने सिद्ध केले आहे, असा हा उपदेश. पृथ्वी तापते आहे, हे खरे आहे. परिषदांच्या नावाखाली पंचतारांकित पर्यटन चालत आले, हेही खरे आहे. परंतु काटकसरीचा कोणताही प्रस्ताव पुढे आला, की अर्थशास्त्राने प्रथम एकच प्रश्न विचारावयाचा असतो: ही काटकसर कोणाच्या ताटातून होणार?

हा प्रश्न विचारताच उपदेशाचा रंग बदलतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१८ या वर्षात जगातील जेमतेम ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या उत्सर्जनातील निम्मा वाटा जास्तीत जास्त १ टक्का लोकांचा होता. आकाश मलिन केले ते मूठभरांनी. ते स्वच्छ करण्याचा भार मात्र सर्वांनी सारखा उचलावयाचा! ज्या प्राध्यापकाने तीस वर्षे चार खंडांत फिरून सहकारी जोडले, तो आता घरी बसून पडद्यासमोर बोलला तरी त्याचे काही बिघडत नाही. नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या विद्यापीठातील ज्या संशोधक विद्यार्थिनीने अद्याप देशाची सीमा ओलांडलेली नाही, तिला मात्र ‘प्रवासाचे युग संपले’ असे ऐकवले जाते. आपण पोटभर जेवून पंगतीतून उठावे आणि दारात ताटकळणाऱ्यांना उपवासाचे महात्म्य सांगावे, तसाच हा प्रकार आहे.

प्रवासाने एखाद्या गरीब देशाच्या विज्ञानाला काय दिले, हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप हे १९५३ साली कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर ऑस्ट्रेलियात गेले आणि तेथे रेडिओ खगोलशास्त्र शिकले. पुढे अमेरिकेत असताना, १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्कले येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या अधिवेशनात त्यांची अन्य भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांशी गाठ पडली. भारतात परतून एकत्र काम करण्याचा विचार तेथे झाला आणि चौघांच्या नावाने एक प्रस्ताव टपालाने भारतात धाडण्यात आला. होमी भाभा यांनी तारेने होकार कळवला. स्वरूप १९६३ साली मायदेशी आले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या आणि दिल्लीत पडून असलेल्या ३२ लहान अँटेना १९६५ साली कल्याणजवळ उभ्या राहिल्या. १९७० साली उटीची दुर्बीण झाली. आणि त्याच परंपरेतून खोडद साकारले.

या इतिहासाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पत्राने काम झाले, तारेने काम झाले. परंतु पत्र लिहिणारे आधी एकमेकांना भेटले होते म्हणून ते झाले. आणि ते भेटू शकले, कारण त्यांतील एका तरुणाला सार्वजनिक पैशातून कोणी तरी परदेशी पाठवले होते. त्याला त्या वेळी ‘ऑस्ट्रेलियन लोकांशी पत्रव्यवहार करा, तेवढा पुरे’ असे सांगितले असते, तर खोडदच्या शिवारात आज काय उभे असते?

याचा अर्थ दूरसंपर्काची साधने टाकाऊ आहेत असा नव्हे. खोडदची दुर्बीण वापरण्यासाठी आज जगातील कोणत्याही देशाचा खगोलशास्त्रज्ञ अर्ज करू शकतो. अर्जाची गुणवत्ता पाहून त्याला वेळ दिला जातो. वर्ल्ड वाइड वेबची कल्पना १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत मांडली गेली, ती देशोदेशी विखुरलेल्या वैज्ञानिकांना आपापली माहिती एकमेकांस देता यावी म्हणूनच. आणि १९९३ साली त्या संस्थेने ती साऱ्या जगाला विनामूल्य खुली केली. सार्वजनिक पैशातून जन्मलेली ही सार्वजनिक संपत्ती होती. पुढे तिच्यावर खाजगी मक्तेदाऱ्यांचे इमले चढले, हा दोष साधनाचा नाही, मालकीचा आहे.

खरी मेख वेगळीच आहे. ‘नेचर’ या नियतकालिकात २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे अर्ध्या शतकातील २ कोटी शोधनिबंध आणि ४० लाख पेटंट तपासून त्याच्या कर्त्यांनी दाखवून दिले, की दूरदूरच्या शहरांत विखुरलेल्या गटांकडून क्रांतिकारक शोध लागण्याचे प्रमाण एकत्र काम करणाऱ्या गटांपेक्षा कमी असते. एकत्र बसणारे कल्पना घडवण्याच्या कामात सहभागी होतात. दूर असलेल्यांच्या वाट्याला अधिककरून तांत्रिक कामे येतात. श्रमविभागणी म्हणतात ती हीच. विचार करणार एकीकडे आणि मोजमाप करणार दुसरीकडे! कापूस येथे पिकवावा आणि कापड मँचेस्टरला विणावे, या जुन्या व्यवस्थेचा अनुभव असलेल्या देशाला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

आणि हा प्रश्न महाराष्ट्रापुढे आजच उभा आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. अशी यंत्रे अमेरिकेत हॅनफर्ड व लिव्हिंगस्टन येथे चालतात. त्यांच्या सान्निध्यात महिनोन्‌महिने राहिल्याशिवाय त्यांची खरी विद्या हाती येत नाही, कारण ती केवळ पुस्तकात नसते. कारागिराच्या बोटांत असते. मराठवाड्यातील मुलेमुली तेथे जाऊन शिकणार आहेत, की हिंगोलीच्या माळावर यंत्राची राखण करून आकडे पडद्यामार्गे परदेशी धाडणार आहेत? जमीन मराठवाड्याची, पैसा जनतेचा आणि कल्पना मात्र दुसऱ्यांच्या, अशी वाटणी मान्य करता येणार नाही.

प्रवासाच्या वाटेवर पहारेकरीही थोडे नाहीत. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या वैज्ञानिकाला त्यांच्याच सरकारने राजकीय मतांच्या संशयावरून १९५२ साली पासपोर्ट नाकारला आणि लंडनच्या परिषदेस ते मुकले. २००६ साली गोवर्धन मेहता हे विज्ञान संघटनांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होते. तरीही चेन्नईच्या अमेरिकन वकिलातीत त्यांचा व्हिसा अडवण्यात आला. अध्यक्षांची ही गत, तर विद्यार्थ्यांची काय कथा! युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसाचे शुल्क २०२४ साली ८० वरून ९० युरो झाले. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. रुपयांत ही रक्कम आठ हजारांच्या वर जाते, आणि येथील कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे.

पडद्यावर पहारेकरी नसतात, अशा भ्रमातही कोणी राहू नये. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच केंद्र सरकारने सार्वजनिक संस्थांना फर्मान काढले, की देशाची सुरक्षा किंवा ‘अंतर्गत बाबी’ यांच्याशी संबंधित विषयांवर आंतरराष्ट्रीय दूरदृश्य परिषद घ्यावयाची तर परराष्ट्र खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी. विज्ञान अकादमींनी विरोध केल्यावर पुढच्याच महिन्यात ते मागे घ्यावे लागले. विमानतळावरचा दरवाजा निदान डोळ्यांना दिसतो. तारेवरचा दरवाजा न दिसता बंद होतो, एवढाच फरक.

मग मार्ग कोणता? तो सहा दशकांपूर्वीच दाखवला गेला आहे. केंब्रिजहून लाहोरला परतलेले अब्दुस सलाम यांना एकाकीपणामुळे १९५४ साली पुन्हा इंग्लंड गाठावे लागले. देश सोडावा की विज्ञान सोडावे, हा पेच पुढच्या पिढीवर येऊ नये म्हणून त्यांनी १९६४ साली इटलीतील त्रिएस्ते येथे आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन केले. गरीब देशांतील वैज्ञानिकांनी आपल्याच देशात राहावे, काही वर्षांच्या मुदतीत ठराविक वेळा काही आठवडे वा महिने तेथे येऊन काम करावे आणि परत जावे, अशी तेथील योजना आहे. तीन दिवसांची परिषद आणि चौथ्या दिवशी खरेदी, असला हा प्रवास नव्हे.

टंचाईच्या वस्तूची वाटणी बाजारावर सोपवली, की ती श्रीमंतांच्या कोठारात जाते. म्हणूनच दुष्काळात धान्याचे रेशनिंग करावे लागते. आकाशाची सहनशक्ती ही आज टंचाईची वस्तू असेल, तर विमानप्रवासाचेही रेशनिंग झाले पाहिजे, आणि ते गरजेनुसार झाले पाहिजे. ज्यांनी जग पाहिले आहे त्या ज्येष्ठांनी पडद्यावर बोलावे. सार्वजनिक निधीतील पहिला वाटा ज्यांनी कधीच प्रवास केला नाही त्या तरुणांना, राज्य विद्यापीठांना, मुलींना आणि दलित-आदिवासी संशोधकांना मिळावा. प्रवास थोडे असावेत, मुक्काम लांब असावेत. परिषदा आलटून पालटून गरीब देशांत भरवाव्यात. वैज्ञानिक कामासाठीचा व्हिसा निःशुल्क असावा.

विज्ञानाचा प्रवास थांबवावा की चालू ठेवावा, हा वाद फसवा आहे. प्रवास चालूच राहणार आहे. तो कोणी करावयाचा आणि पडद्यासमोर कोणी बसावयाचे, एवढेच ठरावयाचे आहे. आणि हा निर्णय पंगतीतून जेवून उठलेल्यांच्या हाती सोडता येणार नाही.