पोटाचा प्रश्न आणि व्हायोलिन

‘व्हायोलिन वाजवून पोट भरते काय?’ शिरूर असो वा दौंड, पालकांचा हा प्रश्न ठरलेला. आम्हांस तो अर्धाच वाटतो. उरलेला अर्धा असा : मुलास शिकवणार कोण?

गोव्यातील माजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायनवृंदप्रमुखाचे पुत्र. सुरांची दीक्षा त्यांस तेथेच मिळाली. त्या शिदोरीवर ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नामवंत व्हायोलिनवादक व संगीतसंयोजक झाले. पोट भरले, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारून रागसंगीताची सिम्फनीशी सांगड घातली. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात त्यांचे नाव आले, ते शिष्य प्यारेलाल यांच्या गुरुभक्तीमुळे. गाणे आपणां सर्वांस पाठ. गुरू कोण, हे किती जणांस ठाऊक?

आणि आपल्या मिस्सेत? कीबोर्डची कळ दाबली की साथ तयार! सणाच्या मंडपाला पैसा जमतो, संगीतशिक्षकाला मात्र नाही. पालकांनी पोटाचा हिशेब अवश्य करावा. परंतु लेकरांना मिळालेले तालंत जमिनीत पुरण्याचा अधिकार ना त्यांना, ना आम्हां धर्मगुरूंना.