अर्जदाराला मारून कागद दाबता येऊ नये

मा. राज्य मुख्य माहिती आयुक्त,


मे २०१० मध्ये इचलकरंजीत दत्ता पाटील यांचा खून झाला. अण्णा हजारेंच्या चळवळीतले हे कार्यकर्ते माहिती अधिकाराच्या जोरावर स्थानिक गैरकारभार बाहेर काढत होते. त्याच वर्षी १३ जानेवारीला तळेगाव दाभाडेत सतीश शेट्टी मारले गेले. जमिनींचे संशयास्पद व्यवहार त्यांनी उजेडात आणले होते आणि जिवाला धोका आहे म्हणून पोलीस संरक्षणही मागितलं होतं. मधल्या काळात बीड जिल्ह्यातले माहिती अधिकार कार्यकर्ते विठ्ठल गीते मारले गेले.

कुठल्या खुनामागं कोण, हे न्यायालयानं ठरवावं. मला तुमच्याशी बोलायचंय ते वेळेबद्दल.

पैसे खाल्लेला माणूस चौकशीला फार भीत नाही. ती लांबवता येते, तिला स्थगिती आणता येते. आमच्या जिल्ह्यात सहकारी संस्थेला सहकार कायद्याच्या कलम ८३ची चौकशी लागली, नुकसानीची जबाबदारी ठरवणारं ८८ लागलं, तरी संचालक निवांत असतात. धास्ती असते ती सही-शिक्क्याच्या प्रतीची: ठेकेदाराचं बिल, कामाची मोजमाप वही, जमिनीचा फेरफार. ती प्रत एकाच माणसाच्या हातात पडणार आहे आणि अजून पडलेली नाही, हे कळलं की धोका सुरू होतो. आणि ते कळतंच. माहिती अर्जाच्या नमुन्यावर, म्हणजे जोडपत्र 'अ'वर, अर्जदाराचं नाव असतं, पत्ता असतो. सकाळी आवक नोंदवहीत अर्ज चढला, की संध्याकाळी चौकात कुणीतरी विचारतं, "अर्ज टाकलायस म्हणं?" पुढचा निरोप घरी जातो, बायकोकडं.

त्यानंतर माहितीसाठी ३० दिवस, पहिल्या अपिलाला ३० ते ४५ दिवस. दुसरं अपील तुमच्या पुणे खंडपीठाकडं, आणि त्याच्या निकालाला कायद्यात मुदतच नाही. एवढा सगळा काळ तो माणूस एकटा असतो. साहेब, तुमच्याकडची प्रलंबित फाइल त्याच्या जिवावर बेतू शकते.

माहिती मागणाऱ्यावर हल्ला झाला तर त्यानं मागितलेली माहिती सर्वांसाठी प्रसिद्ध करावी, असा ठराव केंद्रीय माहिती आयोगानं सप्टेंबर २०११ मध्ये केला. दिशा बरोबर आहे, पण रक्त सांडेपर्यंत थांबायचं कशाला? जागल्यांच्या संरक्षणाचा २०१४चा कायदा संसदेनं मंजूर करूनही लागू झालेला नाही. त्याची वाट पाहायची गरज नाही. माहिती प्रसिद्ध करायला लावण्याचा अधिकार माहिती अधिकार कायद्याच्या कलम १९(८)नं तुम्हाला आजच दिलेला आहे. जिवाशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद कलम ७मध्ये आहे. धमकी आलेल्या अर्जदाराचा अर्ज तिच्यात बसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. कागद एकदा सगळ्या गावानं वाचला, की अर्जदाराला मारून काय मिळणार?

म्हणून एक मागणी. अर्जदारानं पोलीस ठाण्यात धमकीची तक्रार दिली की तिची प्रत त्याच दिवशी खंडपीठात दाखल करून घ्यावी, त्याचं अपील क्रम सोडून ऐकावं आणि देय माहिती थेट संकेतस्थळावर टाकायला लावावी. तसा आदेश काढा आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा.

आपला,
कोल्हापुरातला एक अर्जदार