स्वर जुळले, पण काम जुळले का?

नाताळ जवळ आला की वसई-विरार पट्ट्यात सर्वधर्म भक्तिसंगीताच्या कार्यक्रमांची आखणी सुरू होते. एकाच मंचावर चर्चचा गायनवृंद, गावचे भजनी मंडळ, एखादा कव्वाल, आणि जमलेच तर जव्हारकडचा तारपावाला. हेतू चांगला असतो, मेहनतही असते. तरीही यातले बरेच कार्यक्रम ऐकताना वाटते की गाणी शेजारी बसली, पण बोलली नाहीत. आमच्या मते याचे कारण तालमीच्या पहिल्याच प्रश्नात आहे. ‘हे स्तोत्र कोणत्या रागाशी मिळते?’ इथून सुरुवात होते आणि उत्तर मिळाले की आखणी झाली असे आपण समजतो.

संगीत शिकलेल्या माणसाला हा मोह होणारच. ग्रेगोरियन गायनातल्या डोरियनचे स्वर म्हणजे काफी थाट, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, फ्रिजियन म्हणजे भैरवी. कागदावर हिशेब चोख बसतो. पण फ्रिजियनमधले जुने लॅटिन गायन प्रामुख्याने कोमल धैवतावर टेकून पठण करते, तर आपला भैरवी गाणारा मध्यमाकडे ओढ घेतो. सप्तक एक असले तरी विसाव्याची जागा वेगळी. त्याहून मोठी अडचण अशी की भजनात भैरवी लागली की बैठक संपत आली हे श्रोत्याला कोणी सांगावे लागत नाही. प्रायश्चित्तकाळातले एखादे गंभीर स्तोत्र भैरवीला जोडून कार्यक्रमाच्या मध्यावर ठेवले, तर मागच्या रांगेतले लोक चपला शोधू लागतात. दोष त्यांचा नाही. भैरवीचे भजनातले काम त्यांना ठाऊक आहे, आपण ते विसरलो.

म्हणून आमचे म्हणणे असे की पवित्र संगीताची जोडणी उपासनेत ते गाणे कोणते काम करते यावरून करावी. थाट आणि राग नंतर पाहावेत. बोलावणे, नमन, कथा सांगणे, नाव घेणे, अर्पण करणे, निरोप देणे ही कामे प्रत्येक परंपरेत आहेत, आणि इथल्या परंपरांनी ती पूर्वीपासून एकमेकींकडून घेतली आहेत.

घंटेचेच पाहा. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि या मुलखातल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांबरोबर देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यातलीच. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर जी टांगली आहे, तिच्यावर १७०७ हे साल आहे. ती लूट होती, हे झाकण्यात अर्थ नाही. पण या घंटा देवळांत रुजल्या त्या कुठल्याही स्वरमेळामुळे नव्हे. ओतीव घंटेचा सूर सहजासहजी बदलता येत नाही, आणि तिला षड्जाशी मिळवायला कोणी बसलेही नाही. मनोऱ्यावरून माणसांना बोलावणारी घंटा देवळात देवापुढे हजेरी सांगू लागली. दोन्ही कामे इतकी जवळची होती की धातूला नवे काही शिकावे लागले नाही.

ओवीची गोष्ट याहून शिकण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या. युरोपातल्या स्तोत्राच्या चालीवर मराठी शब्द बसवण्याचा सोपा रस्ता त्यांच्यापुढे होता. त्यांनी तो घेतला नाही. इथे पुराण कसे सांगतात आणि लोक ते कसे ऐकतात हे ओळखून त्यांनी कथा सांगण्याचे काम ओवीकडेच सोपवले आणि ओवी सगळीच्या सगळी घेतली, तिच्या चालीसकट आणि श्रोत्यांसकट. तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंग आणि कीर्तन जवळ केले, तेही याच पद्धतीने. उलट बाजूही लक्षात ठेवावी. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती लग्नांत ओव्या गायला आणि देशी वाद्ये वाजवायला बंदी घातली. हुकूम कागदावर राहिला. सामवेदी आणि ईस्ट इंडियन घरांत लग्नाची गाणी आजही बायकांच्या तोंडी आहेत, कारण ते काम करणारे दुसरे गाणे कोणी दिलेच नाही.

आता प्रत्यक्ष मंचाकडे येऊ. आमच्या पट्ट्यात जोडणीसाठी सर्वांत सुपीक जागा म्हणजे लदीन आणि नामाचा गजर. मे महिन्यात क्रूसापुढे जमून लदीन म्हणतात तेव्हा एक जण मारियेचे एकेक बिरुद घेतो आणि बाकीचे तोच छोटा विनवणीचा तुकडा पुन्हा पुन्हा उचलतात. गजरात बुवा नाव टाकतो आणि टाळकरी ते झेलतात. दोन्हीकडे सगळा जीव उत्तरात असतो. फरक श्वासाचा आहे. लदीन उत्तरानंतर क्षणभर थांबते आणि पुढचे बिरुद त्या शांततेतून निघते. गजरात बुवाचा शब्द उत्तराच्या शेपटीवरच चढतो आणि लय वाढत जाते. हे दोन एकत्र आणायचे तर लदिनीला भजनी ठेका लावू नका. आधी लदीन तिच्या थांब्यांसकट पूर्ण होऊ द्या. शेवटच्या उत्तराचा स्वर गायनवृंदाने धरून ठेवावा, तोच मंडळाचा षड्ज व्हावा, आणि पखवाज त्या धरलेल्या स्वराखालून हळूच उठावा. ओलांडणी एवढीच. श्रोत्याला कळते की दारे दोन आहेत आणि अंगण एक.

त्यासाठी पट्टी आधी ठरवावी लागते, आणि ती ठरते उत्तर देणाऱ्यांच्या गळ्यावरून. मुख्य गायकाला काळी दोन सोयीची म्हणून तीस बायकांना खर्जात घुसमटवू नये. गायनवृंद अभंगात सामील होत असेल तर चौपदरी स्वरमेळ बाजूला ठेवावा. षड्ज-पंचमाचा आधार पुरे. अभंगाच्या मींडेखाली कॉर्ड्‌स सरकवल्या की मींड मरते, हे आमचे ठाम मत आहे. दगडी चर्चमध्ये आवाज रेंगाळतो. तिथे तबल्याच्या द्रुत बोलांचा चिखल होतो, म्हणून विलंबित घ्या किंवा नुसते टाळ ठेवा. किल्ल्यातल्या छप्पर नसलेल्या भिंतींमध्ये याच्या उलट. तिथे लांबवलेला स्वर आभाळात विरतो आणि उत्तर देणारे गायक जवळ जवळ उभे करावे लागतात.

तारप्याबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. पाहुण्यांना मंचापर्यंत आणण्यासाठी तारपा वाजवून घेण्याची पद्धत पडली आहे, ती थांबवावी. वारल्यांचा तारपा नव्या धान्याशी, देवाशी आणि फेर धरून नाचणाऱ्यांशी बांधलेला आहे. भोपळा, वेळूच्या नळ्या आणि आतल्या जिभळ्या यांनी त्याचा सूर ठरून गेलेला असतो. पेटीशी तो जुळवता येत नाही आणि जुळवूही नये. त्याला त्याचा वेळ द्या, नाचाला मोकळी जागा द्या, आणि त्या वेळात बाकी सगळी वाद्ये खाली ठेवा. कधी वाजवायचे हे तारपावाल्याला विचारा. तो या दिवसांत नको म्हणाला तर कार्यक्रम तारप्याविना करा.

चर्चमध्ये कार्यक्रम घेणाऱ्यांनी रोमहून नोव्हेंबर १९८७ मध्ये निघालेले चर्चमधील संगीतसभांविषयीचे पत्र वाचलेले असावे. चर्चमध्ये धार्मिक संगीतच व्हावे, प्रवेश विनामूल्य असावा, अशा त्यात अटी आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्थानिक संगीताला उपासनेत मानाची जागा द्यायला सांगितले होते, त्यामुळे धर्मगुरूंशी बोलताना आपण काही परके मागत आहोत असे वाटून घेण्याचे कारण नाही. देवळाच्या विश्वस्तांशीही इतक्याच आधी, इतक्याच मोकळेपणाने बोलावे.

आणि गाणाऱ्यांशीही. दुसऱ्या धर्मातल्या देवाचे नाव तोंडाने घेताना एखादा गायक अडखळतो. त्याला संकुचित ठरवणे अन्यायाचे आहे. ज्याच्यासाठी ते नाव नुसता शब्द नाही, तोच अडखळतो, आणि पवित्र संगीत आपल्याला अशाच माणसाकडून ऐकायचे आहे. त्याला आधारस्वर द्या, टाळ द्या, किंवा आदराने बसून ऐकू द्या. आपापले शब्द ज्याने त्याने गावेत आणि एकमेकांना साथ करावी, या पायावर उभा राहिलेला कार्यक्रम वर्षानुवर्षे टिकतो. सर्वांकडून सर्व काही गाऊन घेणारा कार्यक्रम फोटोत छान दिसतो, पण त्यातले निम्मे गायक पुढच्या वर्षी येत नाहीत.

पुढच्या अंकापासून आम्ही पालघर जिल्ह्यातल्या सवाल-जवाबी उपासनागीतांची स्वरलिपी छापणार आहोत. लदीन, गजर, लग्नाच्या ओव्या, काहीही चालेल. ध्वनिमुद्रण पाठवताना गाणाऱ्यांची परवानगी घ्या आणि चार गोष्टी लिहा: गाव, प्रसंग, पट्टी, आणि उत्तर कोण देते.