पन्नास किलोंचा नियम, पन्नास रुपयांचा दंड

या देशात गाढवाच्या पाठीवर ५० किलोंहून अधिक ओझे लादणे बेकायदा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? १९६५ साली केंद्र सरकारने ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम केले. त्यांत तट्टाला ७० किलो, खेचराला २०० किलो, उंटाला २५० किलो आणि गाढवाला ५० किलो अशी कमाल मर्यादा घालून दिली आहे. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, विसाव्याशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही आणि पारा ३७ अंशांवर जातो तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर कामाला जुंपायचेच नाही, असेही त्याच नियमांत म्हटले आहे. आणि हे पायदळी तुडवले तर? १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. साठ वर्षे उलटून गेली, दंड जागचा हललेला नाही. पन्नास रुपये टाकून एका मुक्या जिवाची पाठ हाडापर्यंत सोलता येते, अशी ही व्यवस्था आहे. तिचा आम्ही धिक्कार करतो.

या नियमांची खरी परीक्षा होते ती थरच्या वाळूत आणि कच्छच्या खारट माळावर. पावसाळी गवत सरले की मारवाडचे राइका, सौराष्ट्र-कच्छचे रबारी आणि भरवाड मेंढ्या-बकऱ्यांचे कळप हाकत शेकडो किलोमीटरच्या वाटेला लागतात. त्यांचा संसार गाढवाच्या पाठीवर चालतो. खाट, गोधड्या, भांडी, पिठाची गोण, पाण्याचे कॅन आणि वाटेतच जन्मलेली, अजून पायांवर धड उभी न राहणारी कोकरे. सौराष्ट्राचे पांढरेशुभ्र हालारी आणि कच्छचे कच्छी गाढव या दोन्ही जातींची देशी वाण म्हणून सरकारदरबारी रीतसर नोंद झाली आहे. हा विषय आपल्याला परका नाही. जेजुरीत पौष पौर्णिमेला भरणाऱ्या गाढवांच्या बाजारात काठेवाडी गाढवाला गावठीपेक्षा चढा भाव मिळतो. वैदू, बेलदार, कैकाडी, वडार समाजातले लोक तेथे दात मोजून, वय ठरवून जनावर घेतात. काठेवाडच्या वाटांवर गाढवाचे काय होते, याची झळ आपल्या बाजारापर्यंत पोहोचते.

“गाढव काटक असते, त्याला काही होत नाही.” हे एक वाक्य चाबकापेक्षा घातक ठरले आहे. पशुपालक ते म्हणतो, ठेकेदार म्हणतो, पशुधन विकास अधिकारी म्हणतो आणि मंत्रीही तेच म्हणत असावेत, कारण त्यांच्या योजनांत वाटेवरच्या गाढवाला जागा नाही. काटकपणा खरा आहे, तो आम्ही नाकारत नाही. क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात अल्जीरियातील बेनी अब्बेसच्या वाळवंटात उंट आणि गाढव यांचा अभ्यास केला. शरीराच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के इतके पाणी गमावूनही गाढव जिवंत राहते आणि पाणी समोर आले की ती तूट काही मिनिटांत भरून काढते, असे त्यात दिसले. माणूस याच्या निम्म्यावरही टिकत नाही. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू सांगायला कोणी तयार नसतो. गाढव घाम गाळून अंग थंड ठेवते, म्हणून त्याचे पाणी उंटापेक्षा कितीतरी झपाट्याने आटते. उंट जेथे आठवडे काढतो तेथे गाढवाला दोन-तीन दिवसांत पाणी मिळालेच पाहिजे. आणि पाठीवर ओझे असेल, ऊन रणरणत असेल, तर रोज मिळाले पाहिजे. सहन करण्याची ताकद आहे म्हणून सहन करायला लावायचे, हा कोणत्या धर्मातला न्याय?

त्यात गाढवाचा स्वभावच त्याच्या मुळावर येतो. घोडा दुखले की थयथयाट करतो, जमिनीवर लोळतो, घामाघूम होतो. गाढव गप्प उभे राहते. पोटात मुरडा उठलेला असो, खुरात पू झालेला असो, ते मान खाली घालून, कान पाडून उभे असते आणि मालकाला वाटते, जनावर शांत आहे. त्याने खाणे सोडलेले लक्षात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. उपाशी राहिलेल्या गाढवाच्या अंगातली चरबी सुटून रक्तात उतरते, यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात आणि दोन-चार दिवसांत जनावर हातचे जाते. भूक मंदावणे हीच गाढवाची किंकाळी आहे. ती ऐकायची तर रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढची वैरण किती संपली, लीद किती पडली आणि ओली की खडखडीत, हे पाहावे लागते. विसावलेले गाढव मिनिटाला साधारण वीस श्वास घेते; ओझे उतरवून अर्धा तास झाला तरी बरगड्या भात्यासारख्या हलत असतील तर पुढची मजल रद्द करावी. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडावी, ती पटकन सपाट झाली नाही तर अंगातले पाणी आटले आहे. हिरडी बोटाने दाबावी, कोरडी आणि चिकट लागली तर तोच अर्थ. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. माहिती लागते, आणि ती देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो.

पाण्याबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. गाढव पाण्याच्या बाबतीत कमालीचे चोखंदळ असते. शेवाळलेले, लिदीने घाण झालेले, डिझेलचा वास मारणारे पाणी ते तहानेने व्याकुळ असूनही नाकारते. मग “पाणी दाखवले, प्यायले नाही, म्हणजे तहान नव्हती” असा निकाल लावून तांडा पुढे हलतो. तेथेच कोरड्या पोटात कोरडा चारा गोळा होऊन आतडे तुंबते.

आता पाठीकडे वळू, कारण सर्वांत मोठा अत्याचार तेथे होतो. उघड्या कण्यावर टाकलेली दोरी आणि दोन्ही बाजूंना लोंबकळणारी गोण, हे दृश्य आपल्याकडे इतके नित्याचे आहे की त्यात काही चुकीचे आहे असेही कोणाला वाटत नाही. ओझे कण्यावर येताच कामा नये. कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या मांसल भागावर गवत किंवा लोकर भरलेल्या दोन जाड गाद्या, त्यांच्यामध्ये कण्यासाठी मोकळी खाच आणि वर घट्ट बसणारे लाकडी पालाण, अशी रचना हवी. पोटाखालचा तंग रुंद असावा. चढावर ओझे मागे घसरू नये म्हणून छातीवर पट्टा आणि उतारावर पुढे येऊ नये म्हणून पुठ्ठ्यामागे पट्टा. नायलॉनच्या दोरीने ही कामे केली की शेपटीखालची कातडी कापली जाते. दोन्ही बाजूंची गोण तोलून सारख्या वजनाची करावी, कारण एका बाजूला चार-पाच किलो जास्त झाले तरी दिवसभरात पालाण सरकते आणि घासून घासून तेथे फोड येतो. फोडावर माश्या बसतात, माश्यांची अंडी पडतात, किडे होतात. पालाण चढवण्याआधी तळहात उलटा-सुलटा करून पाठ तपासणे आणि गादीतला काटा, खडा, वाळलेला घाम झटकणे याला दोन मिनिटे लागतात. मुक्कामी ओझे उतरवल्यावर जनावराला मातीत मनसोक्त लोळू द्यावे. ती त्याची मालिश आहे आणि तो त्याचा हक्क आहे.

आणि तो पन्नास किलोंचा नियमसुद्धा आमच्या मते अपुरा आहे. याच नियमांत बैलाचे लहान, मध्यम आणि मोठा असे तीन वर्ग पाडून त्यांना १००, १५० आणि १७५ किलोंच्या वेगवेगळ्या मर्यादा दिल्या आहेत. गाढवाला मात्र एकच मर्यादा! लांबच्या वाटेवर ओझे शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असावे, फार तर तिसऱ्या हिश्शापर्यंत जावे, असे जाणकार सांगतात. म्हणजे शंभर-सव्वाशे किलोंच्या गावठी गाढवाला तीस-पस्तीस किलो पुरे, आणि थोराड हालारीला त्याहून अधिक पेलेल. कायदा करणाऱ्यांनी बैल पाहिला, गाढव पाहिलेच नाही.

डाग देण्याच्या आणि नाकपुड्या चिरण्याच्या प्रथांबद्दल आम्ही कोणाचीही भीड बाळगणार नाही. लंगडणाऱ्या पायाला, सुजलेल्या सांध्याला तापल्या सळईचा डाग दिला की रोग निघून जातो, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. नाकपुडी वरून चिरली की श्वास मोकळा होतो, ही दुसरी. डागाने एका दुखण्याची दोन दुखणी होतात, आणि जखम मातीला लागली की धनुर्वाताची वाट उघडते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि गाढव-घोड्यांच्या लिदीतच असतात. एकदा जबडा आवळला गेला, अंग लाकडासारखे ताठले, की जनावर क्वचितच वाचते. याची लस स्वस्त आहे, जुनी आहे, खात्रीची आहे. गाई-म्हशींना लाळ-खुरकुताची लस टोचायला गावोगाव मोहिमा निघतात. कळपाबरोबर निघालेल्या गाढवासाठी धनुर्वाताच्या लसीची अशी मोहीम कोठे आहे?

गाढवाला सोबती लागतो, हेही नियम करणाऱ्यांच्या गावी नाही. दोन गाढवांचे सूत जमले की ती एकत्र चरतात, एकमेकांच्या मानेवर मान टाकून उभी राहतात. त्यातले एक वाटेत विकले तर दुसरे चारा सोडते. मग वर सांगितलेले रक्तात चरबी उतरण्याचे दुखणे मागून येते. आजारी गाढवाला दवाखान्यात न्यायचे तर त्याचा जोडीदारही बरोबर न्यावा.

वाटेवर गाढवाला पाणी लागते, हे चार हजार वर्षांपूर्वी ईजिप्तच्या माणसांना कळत होते. आस्वानजवळच्या आपल्या थडग्याच्या भिंतीवर हरखुफ नावाच्या अधिकाऱ्याने तीनशे गाढवांचा लादलेला तांडा घेऊन दक्षिणेकडून परतल्याची हकिकत कोरून ठेवली आहे. तेव्हा ईजिप्तमध्ये ओझ्याचे उंट नव्हते. वाळवंट ओलांडायचे ते गाढवाच्याच जोरावर. दाखला मरूद्यानापासून नैर्ऋत्येला गिल्फ केबिरच्या पठाराकडे जाणारी सुमारे ४०० किलोमीटरची अबू बल्लासची वाट पुरातत्त्वज्ञांनी शोधून काढली. तिच्यावर टप्प्याटप्प्याने मोठमोठे रांजण मांडलेले सापडले. तांडा निघण्याआधी तेथे पाणी नेऊन साठवले जाई, कारण गाढव पाण्यावाचून किती मजला काढू शकते याचा हिशोब त्या लोकांनी मांडला होता. लोखंडाचा वापर रूढ होण्याआधीच्या राज्याला जे जमले ते रस्ते, टँकर आणि उपग्रहाचे नकाशे हाताशी असलेल्या आपल्या राज्यांना जमत नसेल, तर ती इच्छेची दिवाळखोरी आहे.

आणि आम्हा मराठी माणसांना तर ईजिप्तपर्यंत जाण्याचीही गरज नाही. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणाऱ्या पैठणच्या नाथांची कथा आमच्या घराघरांत सांगितली जाते. नाथषष्ठीला आम्ही लाखोंनी जमतो. नाथांनी रामेश्वराचा अभिषेक बाजूला ठेवला होता. आमच्या गावांनी गाढवासाठी काय बाजूला ठेवले? गावोगावच्या विहिरींजवळचे दगडी हाळ फुटले, बुजले, त्यांवर गाळे उभे राहिले. ज्यांनी ते बुजवले तेच नाथांच्या पालखीपुढे नाचतात, हे आम्हाला सहन होत नाही.

२०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे ३.२ लाख गाढवे होती. २०१९मध्ये ती १.२ लाखांवर आली. सात वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक घट! ट्रक-टेम्पो वाढले हे एक कारण, कातडीचा चोरटा धंदा हे दुसरे. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून औषधी सरस बनवतात आणि त्यापायी आफ्रिकेतली गाढवे इतकी कापली गेली की फेब्रुवारी २०२४मध्ये आफ्रिकी संघाच्या राष्ट्रप्रमुखांना या व्यापारावर बंदी घालावी लागली. त्याच महिन्यात आपल्या केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात गाढवपालनासाठी ५० लाखांपर्यंत भांडवली अनुदान मंजूर केले. अनुदानाला आमचा विरोध नाही. पण ते मिळवायला प्रकल्प अहवाल लागतो, बँकेचे कर्ज लागते. दोन गाढवे घेऊन आठ महिने वाटेवर असलेल्या रबाऱ्याला त्यातला रुपयाही दिसणार नाही. त्याला चार थेंब लस हवी, सावली हवी, पाण्याचा हाळ हवा.

तो पशुपालकही गुन्हेगार नाही. चराऊ राने गेली, वाटा कुंपणांनी अडल्या, म्हणून त्याच्या मजला लांबल्या आणि गाढवावरचे ओझे वाढले. पोलिसांनी त्याला पकडून दंड करावा असे आम्ही म्हणत नाही. ठेकेदाराला, वीटभट्टीवाल्याला, वाळूमाफियाला सोडू नये असे मात्र ठणकावून म्हणतो. त्यांच्यासाठी पन्नास रुपयांचा दंड हजारांत न्यावा आणि दुसऱ्या गुन्ह्याला ठेकाच रद्द करावा.

दिवाळीनंतर कळप पुन्हा निघतील. त्याआधी गुजरात आणि राजस्थान सरकारांनी स्थलांतराच्या ठरलेल्या वाटांवर, एका दिवसाच्या मजलेला एक याप्रमाणे स्वच्छ पाण्याचे हाळ बांधावेत आणि ते भरण्याची जबाबदारी पंचायतींवर नावानिशी टाकावी. निघण्याच्या गावीच प्रत्येक गाढवाला धनुर्वाताची लस फुकट टोचावी, खूर कापून द्यावेत, दात आणि पाठ तपासावी. गादीचे पालाण शिवून देण्याचे काम महिला बचत गटांना द्यावे. महाराष्ट्र सरकारने हेच शिबिर जेजुरीच्या बाजारात पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भरवावे आणि ५० किलोंची मर्यादा, दुपारच्या विसाव्याचा नियम मोठ्या अक्षरांत तेथे लावावा. दंडवाढ सोडली तर यासाठी नवा कायदा लागत नाही, संसदेची वाट पाहावी लागत नाही. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने पत्र काढले तरी काम सुरू होते. ते पत्र यंदा निघाले की नाही, हे आम्ही जेजुरीत येऊन विचारणार आहोत.