जुन्या पिकअपला आधी ब्रेक, मग टर्बो

पन्हाळा, कोडोली, बांबवडे आणि कोल्हापूर या पट्ट्यातील आमचे बरेच छोटे व्यापारी बांधव जुन्याच गाडीवर धंदा करतात. फळवाला असो, कोंबडीवाला असो, फॅब्रिकेशनचे गेट पोचवणारा असो की मंडपाचे सामान वाहणारा, नवी पिकअप घ्यायची म्हणजे हप्ते आले आणि हप्त्यांबरोबर व्याज आले. त्या फंदात पडायचे नाही म्हणून गाठीला असलेल्या रोख रकमेत दहा-बारा वर्षांची महिंद्रा पिकअप, टाटा २०७ किंवा छोटा हत्ती घ्यायचा आणि तो सांभाळून चालवायचा, हा हिशेब आम्हाला चुकीचा वाटत नाही. मात्र जुनी गाडी स्वस्तात मिळते, स्वस्तात चालत नाही. तिच्यावर खर्च करावाच लागतो. तो खर्च कोणत्या क्रमाने करावा, याविषयी आमचे मत आज आम्ही मांडत आहोत, कारण गॅरेजांतून सध्या जो क्रम चालू आहे तो आम्हाला धोक्याचा दिसतो.

जुन्या गाड्यांचा शौक असलेली मंडळी सुट्टीच्या दिवशी गॅरेजच्या दारात जमतात. कोणी बॉनेट उघडून दाखवतो, कोणी भंगार बाजारातून आणलेला पार्ट. ही बैठक आम्हाला आवडते. इतके ज्ञान फुकट दुसरीकडे मिळत नाही. पण बोलणे ऐकावे तर टर्बो कसा चढवायचा, मागे आणखी एक पाटा कसा टाकायचा, एलईडी कोणती लावायची, रुंद टायर कोणते बसतील, एवढेच. ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले असे विचारले की दहापैकी आठ जण एकमेकांकडे पाहतात.

पन्हाळ्याचा रस्ता ज्याला ठाऊक आहे त्याला हे सांगायला नको. कोल्हापूरहून गड सुमारे वीस किलोमीटर. वाघबीळपर्यंत गाडी रत्नागिरीच्या हमरस्त्यावर असते, तिथून घाट लागतो. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ९७७ मीटर, म्हणजे कोल्हापूर शहरापेक्षा चारशे मीटरच्या आसपास जास्त. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा मुख्य रस्ता खचला तेव्हा गडावर माल पोचवणाऱ्यांचे काय हाल झाले ते सर्वांनी पाहिले. पुढे जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हा पर्यटकांच्या गर्दीतूनच भरलेली गाडी खाली आणायची आहे, हे धरून चालावे. चढताना गाडी दमली तर ती थांबते, फार तर अर्धा तास वाया जातो. उतरताना ब्रेक दमला तर गाडी थांबत नाही.

म्हणून पहिला पैसा ब्रेकवर. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते, ही गोष्ट आमच्या अनेक ड्रायव्हरांना अजून ठाऊक नाही. डॉट ३ जातीचे ऑइल कोरे असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तोच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात सतत ब्रेक दाबत उतरले की ड्रम तापतात, ती उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत पोचते, ऑइलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखाली पॅडल सरळ फळीला टेकते. गाडी थंड झाल्यावर पॅडल पुन्हा ठीक लागते आणि मिस्त्री म्हणतो, काही दोष नाही. दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा खर्च एका वेळच्या डिझेलपेक्षा जास्त नसतो.

बूस्टरची तपासणी तर अगदी फुकट आहे. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबावे, ते कडक होईल. मग पाय तसाच दाबून इंजिन चालू करावे. पॅडल थोडे खाली सरकले तर बूस्टर काम करतो आहे. न सरकल्यास व्हॅक्युमचा पाइप, त्यातील एकमार्गी व्हॉल्व्ह आणि अल्टरनेटरच्या मागे बसवलेला व्हॅक्युम पंप पाहावा. डिझेल गाडीत हा पंपच बूस्टरला ताकद देतो, आणि इंजिन बंद झाले की तोही बंद. डिझेल वाचवण्यासाठी वाघबीळच्या दिशेने इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. दोन-तीन वेळा पॅडल दाबले की साठलेला व्हॅक्युम संपतो आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. वाचलेल्या डिझेलची किंमत काढायची तर पावशेर मटणही येणार नाही. उतरताना इंजिन चालू आणि ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये गाडी, हा जुन्या ड्रायव्हरांचा शिरस्ता आजही तंतोतंत खरा आहे.

आता पाट्यांचा प्रश्न. माल जास्त बसावा म्हणून मागच्या कमानीत एक-दोन पाटे वाढवणे हा आमच्याकडे दुरुस्तीचाच भाग समजला जातो. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एलएसपीव्ही नावाचा व्हॉल्व्ह असतो. चेसिस किती खाली दबली यावरून तो वजनाचा अंदाज घेतो आणि त्याप्रमाणे मागच्या चाकांना ब्रेकचा दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी घसरत नाही. भरलेली असेल तर दाब पूर्ण. पाटे वाढवले की भरलेली गाडीही पूर्वीइतकी दबत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामीच आहे, आणि ऐन ओझ्याच्या वेळी तो मागचा ब्रेक अर्धवट देतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो, ते तापतात, आणि मालक लायनरवाल्याला शिव्या देतो. काही ठिकाणी कटकट नको म्हणून हा व्हॉल्व्ह सरळ काढून नळी जोडून देतात. मग पावसात रिकामी गाडी ब्रेक मारताच आडवी होते. पाटा वाढवणारा मिस्त्री हे सांगत नाही, कारण बहुधा त्यालाही कोणी सांगितलेले नसते.

ड्रमबद्दल एवढेच सांगतो की ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो. लेथवर फिरवून फिरवून तो ओलांडला की ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि तडकतो. कारागिराने मोजून नाही म्हटले तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

चढाची दुखणी ब्रेकच्या मानाने सोपी. घाटात गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय कोल्हापूर भागात सर्रास आहे. त्याने गरम होणे थांबत नाही; उलट सपाटीवर इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त जाते आणि सिलिंडर लवकर झिजतो. खरे कारण बहुतेक वेळा गाळाने भरलेला रेडिएटर, सैल फॅन बेल्ट किंवा रेडिएटरचे झाकण यात असते. झाकणाकडे कोणी पाहत नाही. पन्हाळ्याच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९७ अंशांनाच उकळते. झाकणाची स्प्रिंग चांगली असेल तर आतला दाब टिकतो आणि पाणी आणखी वीसेक अंश तग धरते. झाकण गेले असेल तर विहिरीचे कितीही पाणी ओता, गाडी वाफ सोडणारच. आणि ते विहिरीचे क्षारयुक्त पाणीच रेडिएटर बुजवते. निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध पाणी घालावे.

धूर पाहून रोग ओळखण्याची कला आपल्या उस्तादांकडे होती. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा पंपाला हात लावण्यापूर्वी एअर फिल्टर काढून पाहावा. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला निघून गेला तर ठीक. गाडी तापल्यावरही राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. सकाळी गाडी सुरू होत नाही म्हणून बॅटरी बदलणारे पुष्कळ आहेत. रात्रभर उभ्या गाडीत डिझेलच्या नळीने कुठे हवा घेतली आहे का, हे पाहायला पारदर्शक नळीचा एक तुकडा पुरतो. त्यात बुडबुडे दिसले की टाकीपासून फीड पंपापर्यंतचा एखादा जोड सैल आहे.

सुधारणाच करायची असेल तर आम्ही दिव्यांपासून सुरुवात करू. पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुके उतरले की पुढचे वळण दिसत नाही. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत व्होल्टेज गळते. व्होल्टेज दहा टक्के घटले तर बल्बचा उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. दोन रिले, एक फ्यूज, बॅटरीपासून थेट जाड वायर आणि घासूनपुसून पक्के केलेले अर्थिंग, एवढ्यावर त्याच जुन्या बल्बचा उजेड ओळखू येत नाही इतका बदलतो. हॅलोजनच्या काचेत स्वस्त एलईडी बल्ब कोंबणे याला आम्ही सुधारणा म्हणत नाही. धुक्यात तो पांढरा उजेड आपल्याच डोळ्यांत परत येतो आणि समोरचा एसटी ड्रायव्हर आंधळा होतो.

टर्बोच्या शौकिनांना आमचे बोलणे कडू लागेल. महिंद्राचे २५२३ सीसीचे साधे डीआय इंजिन सोशिक आहे, म्हणून त्याला काहीही सोसेल असे नाही. कंपनी टर्बो देते तेव्हा पिस्टन, ऑइलची व्यवस्था, रेडिएटर, क्लच असे सगळे त्या हिशेबाने देते. भंगारातला टर्बो आणि वाढवलेला पंप ही निम्मी गोष्ट झाली. टाटाने मे २००५ मध्ये छोटा हत्ती आणला तो ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरवर आणि ७५० किलोच्या बोलीवर. त्यात दीड टन वाळू भरून मग तो चढत नाही अशी तक्रार करणे हा गाडीवर अन्याय आहे.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. इंजिन बदलायचे तर त्याच मेकचे व त्याच जातीचे, तेही नोंदणी कार्यालयाच्या मंजुरीने. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जादा मालाला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. अपघात झाल्यास विमा कंपनी पहिला प्रश्न याच बदलांचा काढते. आठ वर्षांवरील मालगाडीचे पासिंग दरवर्षी लागते. १५ वर्षांवरील गाड्यांची फी एप्रिल २०२२ पासून वाढली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तर दहा वर्षांपासूनच चढत्या टप्प्यांची फी आली. म्हणजे जुनी गाडी पोसण्याचा हिशेब दरवर्षी नव्याने मांडावा लागणार. सरकारने छोट्या मालकाच्या चांगल्या राखलेल्या गाडीला आणि मोडक्या गाडीला वयाच्या एकाच मापाने मोजावे, हे आम्हाला पटत नाही. पण ते बदलेपर्यंत पासिंगला गाडी निर्दोष नेणे एवढेच आपल्या हाती आहे.

आणि या कामाला कोल्हापूरसारखे गाव नाही. म्हादबा मिस्त्री शेळके, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांनी ऑइल इंजिने घडवली, त्यातून उद्यमनगरची फौंड्री आणि लेथची परंपरा उभी राहिली. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट, ड्रम, जे लागेल ते दोन-चार गल्ल्यांत होते. उणीव हुनराची नाही, सांगण्याची आहे. आपले जुने उस्ताद शागीर्दाला पाना हातात देत, पण कारण सांगत नसत. पोराने बघून शिकावे ही रीत. त्यामुळे हात तयार झाला, पण पाटा वाढवला तर ब्रेकचे काय होते हे पुढच्या पिढीपर्यंत आलेच नाही. सुट्टीच्या बैठकीत प्रत्येकाने एक वही ठेवावी असे आम्ही सुचवतो. गाडी कोणती, दोष काय दिसला, काय बदलून पाहिले, शेवटी कारण काय निघाले आणि खर्च किती आला. पन्नास गाड्यांच्या अशा वह्या एकत्र झाल्या तर त्या कोणत्याही मॅन्युअलपेक्षा आपल्या घाटाला जास्त उपयोगी पडतील. गुपित राखून गिऱ्हाईक टिकते हा गैरसमज आहे; ज्या गॅरेजवाल्याने कारण समजावून सांगितले त्याच्याकडेच लोक परत जातात.

एक दुखणे मात्र वहीत लिहून भागत नाही, ते म्हणजे चेसिसची चीर. केबिनच्या मागे, जिथे हौदा सुरू होतो, तिथे वर्षानुवर्षांच्या जादा ओझ्याने चेसिस तडकते. पट्टी मारून वेल्डिंग करणारे पुष्कळ भेटतील. त्या पट्टीच्या कडेलाच पुढची चीर जाते. अशी गाडी कबाड्याला वजनावर देऊ नये, कारण तिची नोंदणी तुमच्याच नावावर जिवंत राहते. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी आणि ठेव प्रमाणपत्र घ्यावे. त्यावर पुढच्या मालगाडीच्या मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची केंद्राच्या नियमांत तरतूद आहे. गाडी देण्यापूर्वी थकलेला कर आणि जुनी चलने भरून टाकावीत, नाहीतर कागद तिथेच अडतात.