तीन महिन्यांचा धीर

मैत्रिणींनो, लग्नसराई सुरू झाली की वयात आलेल्या मुलींच्या चेहऱ्याची काळजी त्यांच्यापेक्षा मावशी-आत्यांनाच जास्त लागते. "अगंबाई, किती मुरूम आलेत तुला!" हे भर मांडवात, चारचौघींत अगदी सहज बोललं जातं. बोलणारी बोलते आणि पंगतीला जाऊन बसते. ऐकणारीला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. मग सल्ल्यांचा मारा सुरू होतो. उष्णता वाढली असेल, सब्जा पी. पोट साफ होत नसेल, एरंडेल घे. लिंबू चोळ, टूथपेस्ट लाव, मुलतानी माती थाप. आणि सगळ्यांत शेवटी ठरलेलं वाक्य, "लग्न झालं की आपोआप जातात!"

लग्न झालं म्हणून मुरूम जात नाहीत, हे लग्न झालेल्या आपल्यातल्याच कितीतरी जणी सांगतील.

मुरूम म्हणजे अस्वच्छता नव्हे. कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि तेल जास्त सुटतं. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि तिथे बूच बसतं. आत तेल साठतं, जंतू वाढतात, सूज येते. पुटकुळी आपल्या डोळ्यांना दिसते त्याच्या कितीतरी आधी हे बूच आत तयार झालेलं असतं. म्हणून दिवसातून सहा वेळा तोंड धुऊन किंवा खसाखसा घासून काही उपयोग होत नाही. उलट कातडी सोलवटते आणि डाग मागे राहतात.

या बुचावरच काम करणारं एक औषध आहे. त्याला रेटिनॉइड म्हणतात. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं हे लावायचं औषध. ट्यूबवर ट्रेटिनॉइन किंवा अडापालीन असं नाव असतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मुरमांवर ट्रेटिनॉइनचा उपयोग होतो हे प्रसिद्ध केलं. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ पारखलेलं हे औषध आहे. अडापालीनचं ०.१ टक्क्याचं जेल तर अमेरिकेत २०१६ पासून चिठ्ठीशिवाय विकायलाही परवानगी मिळाली.

मग इतकं जुनं, खात्रीचं औषध असूनही आपल्या मुली ते अर्ध्यातच का सोडतात?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या जुन्या जालन्यातल्या बायका-मुलींशी बोलताना. कुंडलिकेच्या अल्याडच्या गल्ल्या असोत की पल्याडचा नवा जालना, बचत गटाच्या बैठकीत कामाचं बोलून झालं की गोष्टी निघतात त्या घरच्या, पोरींच्या, दुखण्याखुपण्याच्या. त्यात या ट्यूबच्या गोष्टी वारंवार निघाल्या.

कॉलेजात शिकणारी एक मुलगी डॉक्टरांकडे गेली, ट्यूब आणली. दुसऱ्या आठवड्यात नाकाशेजारची, हनुवटीवरची कातडी निघायला लागली. चेहरा लाल, कोरडा, आणि मुरूम कमी व्हायचे सोडून चार नवीनच दिसायला लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तोंड भाजलं का गं?" आई घाबरली. ट्यूब कचऱ्यात गेली. डॉक्टरला विचारायला कुणी गेलंच नाही.

दुसरी एक जण ट्यूब सकाळ-संध्याकाळ, भाजल्यावर मलम थापतात तशी थापत होती. जास्त लावलं तर लवकर गुण येईल, हा हिशेब. चेहऱ्याची आग आग झाली. "कसं लावायचं ते मला कुणी सांगितलंच नाही," असं ती म्हणते, आणि ते खरंही असणार. दवाखान्यात रांग मोठी, डॉक्टरांना वेळ कमी, आणि आपण विचारायला लाजतो.

तिसरी आमच्या गटातलीच. पस्तिशीची, दोन मुलांची आई. तिला डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं होतं, "पहिला महिना वाईट जाईल, तीन महिने सोडायचं नाही." तिने सोडलं नाही. चौथ्या महिन्यात ती म्हणाली, "ताई, आधी मी आरसा टाळायचे. आता सकाळी कुंकू लावते नि कामाला लागते, बाकी काही बघायचं लक्षातच राहत नाही." मला हे ऐकून फार बरं वाटलं.

तिघींचा रोग एकच. फरक पडला तो आधी मिळालेल्या माहितीने आणि घरातल्यांच्या वागण्याने. रेटिनॉइडचा स्वभावच असा आहे की सुरुवातीचे काही आठवडे कातडी कोरडी होते, सालं निघतात, लाली येते. काही जणींना मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. खरा फरक दिसायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. जी मुलगी तिसऱ्या आठवड्यात सोडते, ती नेमका त्रास तेवढा सोसते आणि गुण यायच्या आत थांबते.

पण याहून मोठी काळजी पुढेच आहे. ट्यूब सोडलेली मुलगी गप्प बसत नाही. ती मेडिकलवर जाते, नाहीतर पार्लरमध्ये विचारते. तिथे तिला दुसरी ट्यूब मिळते, आणि तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. रेटिनॉइड आणि स्टिरॉइड. नावं कानाला जवळची वाटतात, पण गुण अगदी उलटे! एक आधी त्रास देतं आणि मग गुण देतं. दुसरं आधी गुण दाखवतं आणि मग छळतं.

स्टिरॉइडचं मलम लावलं की चार दिवसांत लाली जाते, सूज उतरते, चेहरा उजळ दिसतो. घरचे खूश! मग ती ट्यूब महिनोन् महिने चालते. हळूहळू कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, ओठांवर-गालांवर लव वाढते, उन्हात गेलं की चेहरा जळतो. आणि ट्यूब थांबवली की मुरूम दुपटीने उसळतात, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्कार्फ गुंडाळूनही स्कूटीवर बसवत नाही अशी अवस्था झालेली एक मुलगी मी पाहिली आहे. चार वर्षं ती एकच 'गोरेपणाची ट्यूब' लावत होती.

या गोरेपणाच्या ट्यूबचीही एक गोष्ट आहे. त्याच डॉ. क्लिगमन यांनी १९७५ मध्ये ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि एक स्टिरॉइड असं तिघांचं मिश्रण काळ्या डागांसाठी मांडलं होतं. डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरावीक काळापुरतं वापरायचं ते औषध. पुढे तशाच मिश्रणाच्या ट्यूब आपल्याकडे रोजच्या क्रीमसारख्या विकल्या जाऊ लागल्या. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या चौदा स्टिरॉइडांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद करणारी अधिसूचना काढली. कायदा झाला खरा. पण आपणच "भाऊ, ती मागच्या वेळची ट्यूब द्या" म्हणून हात पुढे केला, तर कायदा काय करणार?

आणि ज्या क्रीमवर घटकांची नावंच नसतात, तिचं तर विचारूच नका. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघी स्थानिक पार्लरमधून आणलेली क्रीम लावत होत्या. तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. अकोला काही आपल्यापासून फार लांब नाही!

म्हणून काही गोष्टी नीट माहीत करून घेऊ या. रेटिनॉइड रात्रीच लावायचं. साध्या साबणाने हलक्या हाताने तोंड धुवायचं, टिपायचं आणि पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. मग वाटाण्याच्या दाण्याएवढं घेऊन पूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरायचं. फक्त पुटकुळीवर ठिपका द्यायचा नाही, कारण न दिसणारी बुचं सगळीकडे असतात. डोळ्यांच्या कडा, ओठांचे आणि नाकाचे कोपरे सोडायचे. सुरुवातीला एक रात्र आड. कोरडं वाटलं तर वरून साधं मॉइश्चरायझर. दिवसा बाहेर पडताना सनस्क्रीन. ही ट्यूब चालू असताना लिंबू, स्क्रब, ब्लीच बंद. चेहऱ्याला वॅक्सिंग तर अजिबात नको, सालटं निघतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला जिथे जळजळ होते तिथे काळा डाग मागे राहतो, म्हणून घाई करायचीच नाही. सूज आली, फोड आले, आग सोसवेना झाली, तर मात्र धीर धरत बसू नका. ट्यूब थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता एक नाजूक पण अतिशय महत्त्वाची गोष्ट. गरोदरपणात रेटिनॉइड टाळायचं असतं. लावायच्या औषधाचा फार थोडा अंश रक्तात उतरतो, तरीही टाळायचं. आणि मुरमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या ज्या गोळ्या देतात, त्यांनी तर गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावरही किमान महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. आता आपल्या घरांचा विचार करा. लग्नाआधी चेहरा नितळ व्हावा म्हणून आईने उपचार सुरू केले. सासरी कळलं तर काय म्हणतील, म्हणून नवरीने ट्यूब आणि गोळ्या बॅगेच्या तळाशी लपवल्या. आणि सासरी पहिल्याच महिन्यापासून "गोड बातमी कधी?" सुरू! ही नवी सून कुणाला सांगणार? कुणाला विचारणार? मुरमांची लाज इथे एका बाळाच्या जिवाशी येऊन भिडते. लग्न ठरलेल्या मुलीच्या आईने हा प्रश्न लग्नाआधीच डॉक्टरांना विचारला पाहिजे. आणि सासूबाईंनी सुनेला हे बोलता येईल एवढी मोकळीक दिली पाहिजे. चुकून मलम लावलं गेलं आणि दिवस राहिले, तर घाबरून जाऊ नका. लावणं थांबवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. गोळ्या चालू असतील तर एक दिवसही थांबू नका.

मेडिकल दुकानदारांनाही माझं सांगणं आहे. तुमच्याही घरी लेकी आहेत. चिठ्ठी नसेल तर नाही म्हणा. आपणही ट्यूब हातात घेतली की लेकीला वरची नावं मोठ्याने वाचायला लावू या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसलं की ते स्टिरॉइड. ते डॉक्टरांनी दिलेलं असेल तरच, आणि सांगितले तेवढेच दिवस लावायचं.

डॉक्टरांकडेही एक मागणं. संभाजीनगरच्या घाटीपर्यंत जायला प्रत्येकीला जमत नाही. आपल्या जालन्यातही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी मिळाली. तिथे काय किंवा खासगी दवाखान्यात काय, या ट्यूबबरोबर मराठीतला एक साधा कागद हातात द्या. किती लावायचं, कधी लावायचं, पहिल्या महिन्यात काय होईल आणि गरोदरपणात काय करायचं, एवढंच त्यावर असलं तरी पुरे. कितीतरी ट्यूब कचऱ्यात जायच्या वाचतील.

आणि आपण घरच्यांनी? उपचार मुलगी घेते, पण धीर सगळ्या घराला धरावा लागतो. ट्यूब सुरू झाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवसापासून तीन महिने तिच्या चेहऱ्याबद्दल घरात चकार शब्द काढायचा नाही. पाहुण्यांनी काढला तर आईने तिथल्या तिथे सांगायचं, "तिचं औषध चालू आहे." पाहण्याचा कार्यक्रम त्याच काळात आला तर तो पुढे ढकला, नाहीतर पोरीला आहे तशी बसू द्या. पण तिच्या चेहऱ्यावर रातोरात जादू करणारी ट्यूब मात्र घरात येऊ देऊ नका.